कुंभारणीची जागा

उन्हाळ्यात रस्त्याकडेला माठ मांडून बसलेल्या बाईकडे जरा थांबून बघावं. गिऱ्हाईक येतं, एक माठ उचलतं आणि बोटाच्या पेरानं टकटक वाजवतं. माठ खणखणीत बोलला तर भाजणी पक्की. बद्द बोलला तर कुठंतरी चीर आहे किंवा आच कमी लागली आहे. तो आवाज बाईनं गिऱ्हाइकाच्या आधीच ऐकलेला असतो, बद्द बोलणारा माठ तिनं केव्हाच बाजूला काढलेला असतो. मग ती विचारते, घरात माणसं किती? ओट्यावर ठेवणार की तिवईवर? नळाचा हवा की साधा? पैसे हातात पडल्यावर पुन्हा सांगते, पहिलं पाणी पिऊ नका, भरून ठेवा, दुसऱ्या दिवशी ओतून द्या, आतून साबण लावू नका. माठ पाझरला म्हणजे फुटका असं समजू नका, पाझरतो म्हणूनच पाणी गार होतं. आणि पावसाळ्यात तो गार करत नाही म्हणून भांडायला येऊ नका.

या दोन मिनिटांत तिनं माल पारखला, गिऱ्हाइकाची गरज विचारली, वापर शिकवला आणि उद्याची तक्रार आजच निकालात काढली. मोठ्या कंपन्या आपल्या विक्री प्रतिनिधींना जे शिकवण्यासाठी प्रशिक्षणवर्ग भरवतात, ते हेच. महाराष्ट्रातल्या मातीच्या धंद्यात हे काम पिढ्यानपिढ्या कुंभारणीनं केलं. चाकावर कुंभार बसला, हे सगळ्यांना दिसलं. माती मळायला, भांडी वाळवायला, भाजणीचा आवा रचायला आणि डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला जायला घरची बाई होती, याची नोंद फारशी कुणी केली नाही. हस्तकलेच्या मातीकामाला आज विक्री प्रतिनिधी हवेत, एजंट हवेत, असं जिकडेतिकडे बोललं जातं. ते खरंच आहे. पण ही जागा रिकामी कशी झाली आणि तिथं बसणाऱ्यानं नेमकं काय करायचं, हे आधी समजून घेतलं पाहिजे. नाहीतर कुंभाराच्या वाट्याला आणखी एक दलाल येईल, एवढंच.

बलुतेदारीत गावाला लागणारी भांडी कुंभारानं द्यायची आणि सुगीला धान्य घ्यायचं, असा व्यवहार होता. त्यात घासाघीस नव्हती, तसा फायदाही फार नव्हता. पण मागणीचं वेळापत्रक पक्कं होतं. नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या आणि बोळकी, संक्रांतीची सुगडं, उन्हाळ्याचे माठ आणि रांजण, अक्षय्य तृतीयेचे करा-केळी, नाशिकच्या कसमादे पट्ट्यात आणि खानदेशाकडं आखाजीची घागर, मांडे भाजायला खापर. लग्नघरची मडकी वेगळी आणि शेवटच्या प्रवासाचं मडकंही कुंभाराकडचंच. कुठल्या घरी लग्न ठरलंय, कुठल्या सासुरवाशिणीची पहिली संक्रांत आहे, हे कुंभारणीला ठाऊक असे. ती नुसती भांडी देऊन परत येत नसे, निरोप घेऊन येई. यंदाच्या माठांची तोंडं अरुंद झालीत, घासायला हात जात नाही. खापर दोन चुलींतच तडकलं, राख कमी पडली का बघा. हा निरोप त्याच रात्री चाकापाशी पोचे आणि पुढच्या खेपेची भांडी बदलत. बाजारातली अक्कल आणि हातातलं कसब एका घरात नांदत होतं.

उदाहरणादाखल नाशिक घ्या. तिथं हे कसब किती जुनं आहे त्याचा पुरावा शहरातच, गोदाकाठच्या गढीत मिळाला. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी इथं उत्खनन केलं आणि त्याच हंगामात संगमनेरजवळ प्रवरेकाठच्या जोर्वे गावीही. दोन्ही ठिकाणचा अहवाल १९५५ साली एकत्र प्रसिद्ध झाला. जोर्व्याच्या लाल रंगाच्या, काळ्या नक्षीच्या, तोटीच्या भांड्यांवरून एका अख्ख्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला ‘जोर्वे’ हे नाव मिळालं. तीन हजार वर्षांपूर्वीची ती पातळ अंगाची भांडी इतकी पक्की भाजलेली आहेत की वाजवली तर धातूसारखा नाद देतात. जुन्या नाशिकचा कुंभारवाडा आजही काझीच्या गढीच्या अंगालाच आहे. तिथं आवा पेटतो तेव्हा तो त्या जुन्या मातीच्या भांड्यांच्या थरांशेजारी पेटतो.

दुसरा पुरावा मला अधिक मोलाचा वाटतो, कारण तो पैशाचा आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळातला, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला एक शिलालेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेनं भिक्षुसंघातल्या आजाऱ्यांच्या औषधपाण्यासाठी गोवर्धन इथल्या कारागीर-श्रेणींकडं रकमा कायम ठेव म्हणून ठेवल्या. त्यांत ‘कुलरिक’ श्रेणीकडं एक हजार कार्षापण नाणी आहेत, आणि कुलरिक म्हणजे कुंभार असा अर्थ अभ्यासक लावतात. सोबत पाण्याची यंत्रं करणारे आहेत, तेली आहेत. आज आपण बँकेत ठेव ठेवतो, तशी त्या काळच्या नाशिककर बाईनं कुंभारांच्या संघाकडं ठेवली. लेण्यातले भिक्षू आजारी पडले तर कुंभार त्यांच्या औषधाला व्याज देतील, ही खात्री तिला होती. ही पत एकट्यादुकट्या कुंभाराची नव्हती, श्रेणीची होती. माल किती करायचा आणि कसा खपवायचा हे जिथं मिळून ठरत असेल, तिथंच अशी पत उभी राहते. आज कुंभारवाड्यातला माणूस व्यापाऱ्यासमोर एकटा उभा असतो. सगळं दुखणं इथून सुरू होतं.

तेच गोवर्धन आज गंगापूर रोडला, शहराच्या पश्चिमेला आहे. दिल्ली हाटच्या धर्तीवर ग्रामीण कारागिरांना हक्काची बाजारपेठ मिळावी म्हणून याच गोवर्धन शिवारात ‘कलाग्राम’ उभारायला घेतलं गेलं आणि ते काम वर्षानुवर्षं रखडत गेलं. जागेची निवड याहून समर्पक असूच शकत नव्हती. पण गाळे बांधले म्हणजे विक्री होते, हा समज सरकारी योजनांतून जायला तयार नाही. दिल्ली हाट १९९४ पासून चालला तो शहराच्या ऐन वर्दळीत होता म्हणून, आणि तिथं माणसं मुळात खायला-फिरायला येतात म्हणून. गाळ्यात बसलेला कारागीर गिऱ्हाईक येण्याची वाट बघतो. गिऱ्हाइकापर्यंत चालत जाणारं माणूस ही वेगळीच गोष्ट आहे.

स्टील आलं, मग प्लॅस्टिक आलं, फ्रिज आला, ही कहाणी सर्वांना पाठ आहे, ती पुन्हा सांगत नाही. तिचा एक परिणाम मात्र कमी बोलला जातो. रोजच्या वापरातली भांडी गेली आणि फक्त सणाची उरली, त्यामुळं कुंभाराचा वर्षभराचा पैसा मोजक्या आठवड्यांत अडकला. पावसाळ्यात भांडी वाळत नाहीत, आवा ओला असतो, काम थांबतं. नेमक्या त्याच दिवसांत घरात पैसा नसतो. व्यापारी श्रावण-भाद्रपदात उचल देतो आणि घट-पणत्यांचा भाव तेव्हाच ठरवून टाकतो. दिवाळीत बाजारात पणतीला काय भाव आला याच्याशी ज्याच्या हातांनी ती झाली त्याचा संबंध उरत नाही. त्यातच गुजरात, राजस्थान, बंगालकडून साच्यातल्या रंगीत पणत्यांचे ट्रक येऊन उभे राहतात. कुंभारवाड्यातल्या घरच्या बायकांनीही मग बाहेरचा माल घेऊन रस्त्यावर बसायला सुरुवात केली. त्यांना दोष कसा द्यायचा? पण ज्या क्षणी कुंभारीण दुसऱ्याची पणती विकायला बसली, त्या क्षणी चाकापर्यंत निरोप नेणारं माणूस गेलं.

दुसरीकडं गेल्या काही वर्षांत मातीत हात घालणारी नवी माणसं आली आहेत. कुणी कलाशाखेतून, कुणी नोकरी सोडून, कुणी पाँडिचेरीला किंवा बडोद्याला शिकून. त्यांच्याकडं विजेचं चाक असतं, गॅसची किंवा विजेची भट्टी असते, बाराशे अंशांच्या पुढं भाजलेलं स्टोनवेअर असतं आणि झिलई असते. पारंपरिक आव्यात सातशे ते नऊशे अंशांपर्यंत भाजलेलं भांडं पाझरतं, हे पाझरत नाही. चहाचे मग, वाडगे, पसरट थाळ्या, फुलदाण्या असा त्यांचा माल. त्यांचं गिऱ्हाईक शेजारच्या आळीत नाही, ते मुंबई-पुण्याच्या गृहसजावटीच्या दुकानांत, गोव्याच्या हॉटेलांत आणि आता नाशिकच्याच वायनरींच्या उपाहारगृहांत आहे. दर शनिवार-रविवार प्रदर्शनात टेबल मांडून बसलं तर माल खपतो, पण मग माती कधी मळायची? म्हणून त्यांना प्रतिनिधी लागतो. नमुन्यांची पेटी घेऊन दहा दुकानं फिरणारा, ऑर्डर लिहून आणणारा आणि त्यावर कमिशन घेणारा माणूस.

इथं आकडे मांडल्याशिवाय पुढं जाता येत नाही, कारण बहुतेक मातीकलावंत इथंच बुडतात. उदाहरणादाखल एक मग घेऊ. माती आणि झिलई तीस रुपये. दोनदा भाजणी, तिचा वाटा चाळीस. चाकावर ओढणं, दुसऱ्या दिवशी बूड खरवडणं, कान लावणं, झिलईत बुडवणं, सगळं मिळून पाऊण तास धरला आणि तासाची मजुरी एकशे साठ धरली, तर एकशे वीस. जागाभाडं, वीज, दुरुस्ती यांचे तीस. झाले दोनशे वीस. भट्टीतून निघताना काही तडकतात, काहींची झिलई ओघळून फळीला चिकटते, त्या तुटीचे तीस. म्हणजे मग घरात पडला अडीचशेला. प्रदर्शनात तो चारशेला जातो आणि बनवणाऱ्याला वाटतं, दीडशे सुटले.

आता प्रतिनिधी आला. दुकानदार छापील किमतीच्या साधारण निम्म्यानं माल घेतो, कारण त्याला भाडं आहे, नोकर आहेत, पडून राहणारा माल आहे. म्हणजे दोनशे. त्यावर प्रतिनिधीचे पंधरा टक्के, तीस रुपये. हातात उरले एकशे सत्तर. अडीचशेची वस्तू एकशे सत्तरला गेली आणि ऑर्डर जितकी मोठी तितका खड्डा मोठा. बनवणारा म्हणतो, एजंटानं लुटलं. एजंटानं लुटलेलं नसतं. चारशे ही किंमत मुळातच चुकलेली होती, तिच्यात विकणाऱ्याची मजुरी धरलेलीच नव्हती. प्रदर्शनात टेबलामागं आपण स्वतः उभे राहिलो, ते दोन दिवस फुकट धरले होते.

उलट बाजूनं मांडू. अडीचशे खर्च, पन्नास तरी नफा, म्हणजे कमिशन जाऊन तीनशे हातात पडायला हवेत. मग दुकानदाराचा भाव तीनशे पंचावन्न आणि छापील किंमत सातशे दहा. सातशेचा मग कोण घेणार, हा प्रश्न रास्त आहे. बुलंदशहर जिल्ह्यातल्या खुर्ज्याचा मग त्याच फळीवर दीड-दोनशेला ठेवलेला असतो आणि लांबून दोन्ही सारखे दिसतात. म्हणून सगळा माल प्रतिनिधीकडं द्यायचाच नसतो. पाऊण तासाचं काम अर्ध्या तासावर आणता येईल असे आकार, एकात एक बसणारे वाडगे, भट्टीत दाटीनं लागणारी छोटी भांडी हा प्रतिनिधीचा माल. हातानं कोरलेली, एकच झालेली फुलदाणी स्वतः विकायची. ही विभागणी ज्यांनी केली ते टिकले. आणि एक गोष्ट कधीच करायची नाही. दुकानात सातशे दहाला असलेला मग आपल्या घरून चारशेला द्यायचा नाही. असं एकदा झालं की दुकानदार तुटतो आणि प्रतिनिधीची त्या गावातली इज्जत जाते.

जगात हा प्रश्न नवा नाही. इंग्लंडच्या जोसाया वेजवूडनं अठराव्या शतकात आपलं दुधी रंगाचं ‘क्वीन्स वेअर’ खपवायला लंडनमध्ये दालन उघडलं, भांड्यांची सचित्र यादी छापली आणि १७७० च्या दशकाच्या अखेरीस नमुने घेऊन गावोगाव फिरणारे विक्रेते नेमले. लंडनची बाजू सांभाळणारा त्याचा भागीदार थॉमस बेंटली सरदार-उमरावांना आज काय आवडतंय ते सतत कळवत असे आणि कारखान्यात त्याप्रमाणं घाट बदलत. विसाव्या शतकात कुंभार बर्नार्ड लीचनं इंग्लंडमधल्या सेंट आइव्हजच्या हातकामाच्या भट्टीतही ठरलेल्या आकारांची भांडी करून ती यादीवरून विकली. १९७१ साली रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी पाँडिचेरीत सुरू केलेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीनंही रोजच्या टेबलावरची भांडी हाच पाया धरला. हाताचं काम म्हणजे दर वेळी वेगळं काम, हा आपल्याकडचा समज यातल्या कुणाचाच नव्हता. ठरलेला घाट, ठरलेलं माप, ठरलेला रंग आणि त्याला एक क्रमांक, एवढं असेल तरच दुसरा माणूस तुमच्या वतीनं शब्द देऊ शकतो.

शब्द देणं हीच यातली नाजूक जागा. प्रतिनिधी दुकानातून फोन करतो, सहाशे मगांची ऑर्डर आहे, दिवाळीच्या आत पाहिजेत, घेऊ का? आनंदानं हो म्हटलं जातं. भट्टीत एका वेळी शंभर मग बसत असतील तर कच्ची आणि पक्की मिळून निदान बारा भट्ट्या. पेटवणं आणि निवणं धरून प्रत्येकीला दोन दिवस. तूट धरून साडेसहाशेच्या वर मग ओढावे लागतील. भाद्रपदात ते वाळायला एरवीच्या दुप्पट दिवस घेतील. मापाचाही प्रश्न आहे. माती वाळताना आणि भाजताना आकसते, दहा सेंटीमीटरचा ओला मग भट्टीतून नऊच्या आत निघतो. मातीचा हप्ता बदलला की आकसणंही बदलतं. हॉटेलनं बशीसकट मग घेतले असतील तर ती बशी बसत नाही. ज्या प्रतिनिधीनं एकदा भट्टी उघडताना पाहिली आहे, तो अशा ऑर्डरला ‘तीनशे आत्ता, तीनशे पौषात’ असं उत्तर देतो. ज्यानं पाहिली नाही तो सगळं कबूल करतो आणि मग दोन्हीकडून शिव्या खातो. माझं स्पष्ट मत आहे की नव्या प्रतिनिधीला पहिला महिना नमुने द्यायचेच नाहीत. त्याला माती मळायला, माल बांधायला बसवायचं.

माल बांधणं बघायला वरवर सोपं. दुहेरी पुठ्ठ्याचं खोकं घ्यायचं, तळाशी चार बोटं पेंढा किंवा कागदाचा चुरा. प्रत्येक मगाच्या कानाला आधी वेगळा कागद, कारण पहिला तुटतो तो कान. मग अख्ख्या मगाला गुंडाळी. दोन मगांमध्ये दोन बोटं जागा आणि ती जागाही चुऱ्यानं भरलेली. खोकं बंद करून हलवायचं. आतून आवाज आला तर उघडायचं आणि पुन्हा भरायचं. ज्याच्या हातून हे पन्नास वेळा झालं तो दुकानदाराला सांगू शकतो की फूट का होणार नाही आणि झाली तर कुणाची.

फूट कुणाची, यावरूनच सगळ्यात जास्त वाद होतात. बरेच दुकानदार म्हणतात, माल ठेवून जा, खपेल तसे पैसे देऊ, नाही खपला तर परत न्या. नवख्या माणसाला हे उपकारासारखं वाटतं. १९३० च्या माल-विक्री कायद्याप्रमाणं अशा ‘पसंत पडला तर ठेवू’ व्यवहारात दुकानदारानं माल स्वीकारेपर्यंत मालकी बनवणाऱ्याकडंच राहते आणि वेगळं ठरलेलं नसेल तर जोखीम मालकीबरोबर जाते. म्हणजे दुकानाची चूक नसताना तिथं वाडगा फुटला तर नुकसान बहुधा तुमचं. आठ महिन्यांनी टवके उडालेला माल परत येतो आणि भाडंही आपणच भरायचं असतं. म्हणून कागदावर एक ओळ हवी. दुकानात पोचल्यापासून फूट दुकानाची, साठ दिवसांनंतर माल विकला असं धरून पैसे देणं बंधनकारक.

कमिशनचंही तसंच. १८७२ च्या करार कायद्याच्या २१९ व्या कलमानुसार, वेगळा करार नसेल तर एजंटाचं काम पूर्ण झाल्याशिवाय त्याचा मोबदला देय होत नाही. पण काम पूर्ण कधी होतं? ऑर्डर लिहिली तेव्हा, माल गेला तेव्हा, की पैसे आले तेव्हा? प्रतिनिधीला पहिलं सोयीचं, बनवणाऱ्याला शेवटचं. पैसे आल्यावर कमिशन, हा मला न्याय्य तोडगा वाटतो, कारण मग वसुलीत प्रतिनिधीचाही जीव अडकतो. पण त्या बदल्यात त्यानं उघडलेल्या दुकानाची दुसरी, तिसरी, दहावी ऑर्डर थेट तुमच्या फोनवर आली तरी तिचं कमिशन त्याला गेलं पाहिजे. इथं आपली मातीतली माणसं चुकतात. पहिल्या ऑर्डरनंतर दुकानदार आणि बनवणारा एकमेकांना फोन करतात, मधला माणूस गळतो, आणि मग चांगली माणसं या कामात टिकत नाहीत अशी तक्रार केली जाते. त्याचा पेट्रोलचा खर्च पहिल्या ऑर्डरमध्ये निघालेला नसतो.

उधारीवरचं औषध कायद्यात आहे आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदारानं सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांतच. उशीर झाला तर बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. ही नोंदणी फुकट होते. एप्रिल २०२४ पासून आयकराचाही चाप आहे, वेळेत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही. प्रतिनिधीनं ऑर्डरच्या कागदावर उद्यम क्रमांक छापून घेतला तरी दुकानदाराच्या वागण्यात फरक पडतो. आणि साध्या मातीच्या माठ-पणत्यांवर जीएसटी नाही, हेही दुकानदाराला सांगणारं कुणीतरी लागतं.

मोठ्या प्रमाणावर माल खपवण्याचे प्रयत्न आपल्याकडं झाले नाहीत असं नाही. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांनी १८७० च्या दशकात झिलईच्या भांड्यांची कार्यशाळा काढली आणि अजिंठ्याच्या नक्षीची भांडी विलायतेपर्यंत गेली. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्था निघाली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीत गांधीविचारांचे कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ उभा करून कुंभारांच्या कामाला तंत्राची जोड दिली. राज्याच्या लघुउद्योग विकास महामंडळाची त्रिमूर्ती दालनं झाली, महिला गटांसाठी महालक्ष्मी सरस प्रदर्शन भरू लागलं. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या विश्वकर्मा योजनेत कुंभाराला १५ हजारांची अवजारं आणि पाच टक्क्यांनी दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज मिळतं. चाक आलं, प्रशिक्षण आलं, कर्ज आलं. माल उचलून दुकानात नेणारं माणूस मात्र कुठल्याच योजनेला पुरेसं महत्त्वाचं वाटलं नाही.

रेल्वेच्या कुल्हडांचं उदाहरण बोलकं आहे. २००४ साली रेल्वेमंत्री लालूप्रसाद यादव यांनी स्थानकांवर चहा कुल्हडातच द्यायचा असं जाहीर केलं. याहून मोठं गिऱ्हाईक देशातल्या कुंभाराला मिळणं शक्य नव्हतं. काही काळ कुल्हड दिसले, मग पुन्हा कागदी आणि प्लॅस्टिकचे कप आले. नोव्हेंबर २०२० मध्ये तेव्हाचे रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांना तीच घोषणा पुन्हा करावी लागली. कुंभाराच्या अंगणापासून फलाटावरच्या चहावाल्यापर्यंत रोज ठरलेल्या आकाराचा, ठरलेल्या भावाचा माल पोचवणारी, फूट मोजणारी, पैसे आणणारी साखळी नसेल तर मंत्र्याच्या हुकुमानंही विक्री टिकत नाही.

नाशिकला आता तशीच संधी दाराशी आली आहे. ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये सिंहस्थ कुंभमेळ्याची अमृतस्नानं होतील. गोदेचं पाणी घरी न्यायला लाखो भाविकांना पात्र लागेल, घाटावर दिवे सोडायला द्रोणात पणती लागेल, तंबू-मंडपांतून कुल्हड लागतील. हा माल कुंभारवाड्यातून जाईल, की ठेकेदाराच्या ट्रकमधून परराज्यातून येईल? निविदा भरणं एकट्या कुंभाराच्या आवाक्यातलं नाही. तीस-चाळीस घरांनी मिळून गट केला, एकाच मापाचं पात्र ठरवलं आणि भाव, मुदत, आगाऊ रक्कम बोलायला एक माणूस नेमला तर ते जमण्यासारखं आहे. इथल्याच श्रेणीनं सतराशे वर्षांपूर्वी यापेक्षा मोठी जबाबदारी पेलली होती. आणि दिवस फार उरलेले नाहीत, कारण २०२७ च्या पावसाळ्यातल्या पर्वाचा माल त्याआधीच्या उन्हाळ्यातच भाजून ठेवावा लागेल.

हा माणूस कोण, याचं उत्तर मला कुंभारवाड्यातच दिसतं. तिथल्या मुली आणि सुना आता बी. कॉम. झालेल्या आहेत, मोबाइलवर हिशेब ठेवतात, मराठी-हिंदीत बोलतात, आणि बद्द वाजणारा माठ त्यांना कानानं कळतो. त्यांना रस्त्यावर बसवण्याऐवजी हाती ऑर्डरबुक दिलं, कमिशन घरच्या कामात जमा न धरता त्यांच्या स्वतःच्या खात्यात टाकलं, तर यांच्याइतका जाणता प्रतिनिधी दुसरा मिळणार नाही. गंगापूर रोडच्या मातीकलेच्या स्टुडिओंनीही बाहेरचा सेल्समन शोधण्याआधी इथं विचारून बघावं. एकाच पेटीत स्टोनवेअरचा मग आणि आव्यातली खापराची परळ दोन्ही जाऊ शकतात.

वाचकांकडं मागणं छोटं आहे. मिसळीच्या ठिकाणी मातीच्या वाडग्यात दही आलं किंवा दुकानात मातीचा मग आवडला, तर तो कुणी केला हे विचारा. सांगता आलं नाही तर पुढच्या वेळी नाव लावा असं दुकानदाराला सांगा. हॉटेल चालवणाऱ्यांनी निम्मी रक्कम आगाऊ द्यावी आणि माल ‘ठेवून जा’ म्हणू नये. आणि ज्या तरुण मुला-मुलींना फिरायची, बोलायची हौस आहे आणि नोकरी मिळत नाही, त्यांनी या हिवाळ्यात दोन कुंभार आणि पाच दुकानं धरून सुरुवात करावी. संक्रांतीची सुगडं मार्गशीर्षातच भाजायला घेतात, त्याआधी जाऊन भेटा.